शब्दचर्चा : परमुलखात दुरूनच ओळखू येणारा माणूस

घोडबंदरकर
धाकटी बहीण टोकियोत, निशी-कासाईला राहते. आमच्या ठाण्यातल्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय आणि एका शब्दापाशी अडलीय. तोंड उघडायच्या आधीच जो परका म्हणून ओळखला जातो, अशा माणसाला काय म्हणायचं? 'उपरा' नको, तो तर घरातसुद्धा असतो. 'परका' दिसायला आपल्यासारखाच असू शकतो. 'परदेशी' म्हटलं की पासपोर्ट आठवतो, चेहरा नाही.

कोपरीपूल
'दृश्य परकीय' करून टाका. कॅनडाच्या रोजगार समानतेच्या कायद्यात 'दृश्य अल्पसंख्याक' असाच शब्द आहे. २०२१ च्या जनगणनेत २६.५ टक्के लोक त्यात मोडले.

पामबीच
सरकारी परिपत्रकात शोभेल, दिवाळी अंकात नाही. शिवाय तो शब्द रंगावंशाचा आहे, परकेपणाचा नाही. तिकडेच जन्मलेली तिसरी पिढीही त्यात धरतात. ब्रॅम्प्टन, मार्कहॅममध्ये तर हे 'अल्पसंख्याक'च बहुसंख्य आहेत!

बेलापूरपट्टी
जुनी मराठी बघा की. शिवकाळानंतरच्या राजनीतीवरच्या आज्ञापत्रात फिरंगी (पोर्तुगीज), इंग्रज, वलंदेज (डच), फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डॅनिश) हे सगळे एकाच 'टोपीकर' शब्दात बसवलेत. डोक्यावर काय आहे ते पाहिलं आणि नाव ठेवलं, विषय संपला. (ठाण्याचा किल्ला मराठ्यांनी १७३७ मध्ये फिरंग्यांकडून घेतला. आज तिथे तुरुंग आहे.)
फिरंगी मूळचा 'फ्रँक' (युरोपातल्या एका जमातीचं नाव), फारसीतून आपल्याकडे आला. थाई लोकांचा 'फरांग' त्याच घरचा. पण तिथे फरांग म्हणजे गोरा. आपल्याला ते 'खेक' म्हणतात. अर्थ पाहुणा, पण ऐकणाऱ्याला मान मिळाल्यासारखं वाटत नाही. आपल्याकडे गावात अनोळखी माणसाला 'काय पाव्हणं, कुठलं गाव?' विचारतात, त्यात आपुलकी किती आणि चौकशी किती, हे विचारणाऱ्याच्या सुरावर ठरतं.

घोडबंदरकर
टोपीकर झकास आहे, पण तो आपण दुसऱ्यांना ठेवलेला शब्द झाला. हिला स्वतःबद्दल लिहायचंय. तिचा मजकूर देते:
"परदेशी माणसाला जपानीत गायकोकुजिन हा रीतसर शब्द, गायजिन हे त्याचं तुटक रूप. टीव्हीवाले ते सहसा टाळतात. पण मला शब्दांचा त्रास नाही. गाडीला गर्दी आहे, लोक दांडीला धरून उभे आहेत आणि माझ्या शेजारची जागा रिकामी. ठाणे लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी 'जरा सरकून घ्या' ऐकण्यात जन्म गेला, इथे कुणी सरक म्हणत नाही. दुकानात नुसतं कोन्निचिवा म्हटलं की कौतुक, 'निहोंगो जोझु'! म्हणजे जपानी छान बोलता. एका शब्दावर?"

वाशीची सून
ताई, नाम शोधूच नका, मराठीत याला क्रियापद आहे. 'उठून दिसणे' आणि 'नजरेत भरणे' ही तारीफ झाली, पैठणी नेसून मांडवात शिरल्यावरची. 'डोळ्यांत सलणे' म्हटलं की समोरच्याच्या मनात वाकडं आहे. 'वेगळं पडणे' म्हणजे कुणी विचारत नाही. बहिणीचं यातलं काहीच नाही. तिच्यासाठी 'डोळ्यावर येणे'. आमच्या सासूबाई नवं काही घेतलं की म्हणतात, "लोकांच्या डोळ्यावर येईल असं करू नका." यात गुन्हा कुणाचाच नाही, फक्त लपायची सोय गेलेली असते.

कोपरीपूल
हे पटलं. माझा दृश्य परकीय मागे. पण डोळ्यावर येणं नेहमी अडचणीचंच असतं असं नाही. निशी-कासाई ज्या एदोगावा विभागात आहे, तिथल्याच विभागसभेवर २०१९ मध्ये मूळचे भारतीय योगेंद्र पुराणिक निवडून आले. कायद्याने जपानी, चेहऱ्याने आपले. त्यांना मतपत्रिकेवरचं 'योगी' हे छोटं नाव उपयोगीच पडलं असणार.

पामबीच
तिथे मग 'नजरेत भरणे' वापरा. माणूस तोच, क्रियापद निवडणुकीनंतर बदललं.

घोडबंदरकर
तिला कळवलं. शीर्षक ठरलं, 'डोळ्यावर आलेली'. आई म्हणते, लोकांना वाटेल झोपेबद्दल लेख आहे.

वाशीची सून
झोप 'डोळ्यांवर' येते, अनुस्वारासकट. मुद्रितशोधकाला तेवढं बजावून ठेवा.