खुणा शिकवल्या तर लेकरू बोलत नाही म्हणे?

वरती एकांनी लिहिलंय की ऐकू न येणाऱ्या लेकराला हाताच्या खुणांची सांकेतिक भाषा शिकवली की ते आळशी होते, बोलायचा प्रयत्नच करत नाही, म्हणून आधी कानाचं मशीन आन् स्पीच थेरपी. नाही पटलं बा. असंच काहीतरी म्हणत 1880 साली इटलीतल्या मिलानला बहिऱ्यांच्या शिक्षणावरच्या परिषदेत जमलेल्या मास्तरांनी, जे जवळपास सगळे ऐकू येणारे होते, शाळेतून सांकेतिक भाषा हद्दपार करायचा ठराव केला, आन् 2010 ला कॅनडातल्या व्हँकुव्हरला त्याच परिषदेनं त्याबद्दल खेद व्यक्त केला, तोवर किती पिढ्या गेल्या. मशीनला विरोध नाही, पण आमच्या यवतमाळकडच्या खेड्यात सेल संपला तर तालुक्याला जा, आन् कापूस वेचणीत कोण जाते.

माझ्या मावसभावाले ऐकू येत नाही, तो निवासी शाळेत होता. वर्गात हात हलवला की बाई हात बेंचवर ठेवायला लावायच्या, भाषा शिकला तो हॉस्टेलात मोठ्या पोट्ट्यांकडून, रात्री जेवणं झाल्यावर. घरी मात्र जेव, झोप, बैलाले पाणी दाखव एवढ्याच खुणा. आजोबा गेले तेव्हा तो हातानं विचारूनच राहिला काय झालं काय झालं, मावशी नुसती वर बोट दाखवे. म्हणून शाळेइतकंच घरच्यांनाही शिकवायला पाहिजे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा दहा हजार शब्दांचा व्हिडिओ कोश फुकट आहे, आशाताईंच्या मोबाईलवरही चालते. आन् सांकेतिक भाषा येणारे शिक्षक नेमा असं 2016 च्या दिव्यांग कायद्याच्या कलम 17 मध्येच आहे, शाळेला लेखी विचारा.