मदत हवी आहे: आर्गो फ्लोटच्या नोंदींवरून मिश्र थराची खोली कशी ठरवावी?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी लक्षद्वीपजवळच्या अरबी समुद्रातला हिवाळी मिश्र थर (वारा-लाटांनी ढवळून जवळजवळ एकसारखा झालेला समुद्राचा वरचा थर) अभ्यासते आहे. त्यासाठी आर्गो फ्लोटच्या (समुद्रात आपोआप खाली-वर जाणाऱ्या मोजणी-उपकरणांच्या) नोंदी घेतल्या आहेत. हे फ्लोट साधारण १००० मीटरवर वाहत राहतात आणि दर १० दिवसांनी २००० मीटरपासून वर येताना तापमान नि क्षारता मोजतात.

अडचण निकषाची आहे. १० मीटरच्या तुलनेत तापमानात ०.२ अंशांचा फरक धरला तर थर खोल येतो. घनतेत ०.०३ किलो प्रति घनमीटर फरक धरला तर बराच उथळ. कारण समजतं: हिवाळ्यात बंगालच्या उपसागरातलं कमी खारं पाणी इकडे येतं, त्यामुळे समतापी थराच्या आतच क्षारतेची पायरी तयार होते. दोन्हींतलं अंतर म्हणजे अडसर थर (बॅरिअर लेयर), एवढं ठीक.

पण काही प्रोफाइलमध्ये (एका फेरीतल्या खोलीनुसार नोंदींमध्ये) खाली जाताना तापमान आधी वाढतं. तिथे ०.२ चा फरक दोन्ही दिशांनी धरायचा की फक्त घट मोजायची? मला घटच योग्य वाटते, मार्गदर्शकांना नाही!

शिवाय, क्षारतेच्या सेन्सरची मोजणी काळानुसार हळूहळू चुकत जाते म्हणून फक्त विलंबित तपासणी झालेल्या (नंतर तज्ज्ञांनी तपासून दुरुस्त केलेल्या) नोंदी घ्याव्यात, तर अलीकडचे हिवाळे जवळजवळ गळतात. तात्काळ (अशी तपासणी होण्याआधीच्या) नोंदी कुणी वापरल्या आहेत का? परीक्षकांपुढे समर्थन कसं केलंत?

पायथॉनचा कोड असेल तर सोन्याहून पिवळं.