मदत हवी आहे: दिघ्यातल्या गोवरच्या रुग्णांची साखळी जुळत नाही

पारसिक_दिघा
नमस्कार. दिघ्यात डोंगराकडच्या वस्तीत आशाताईंबरोबर ताप-पुरळाच्या मुलांची यादी करतोय. आजपर्यंत ९ मुलं. नागरी आरोग्य केंद्राला कळवलंय, नमुन्यांत गोवर निघालाय. पुरळाच्या तारखा: २, ४, ५ आणि मग एकदम १६, १८, १८, १९, १९, २०. शेजारच्या दोन खोल्यांत १८ आणि १९ आहे, म्हणून एकाकडून दुसऱ्याला असा बाण काढला. पण १६ चं मूल आणि पहिली तिघं यांचा काहीच संबंध लागत नाही. गल्ली वेगळी, अंगणवाडी वेगळी. मधला रुग्ण सुटलाय का? कसा शोधू?

साथवही
मधला रुग्ण बहुधा नाहीच. आधी तो १८-१९ चा बाण खोडा. गोवरचा विषाणू शरीरात शिरल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण १४ दिवस जातात. ७ च्या आत किंवा २१ च्या पुढे सहसा नाही. एका दिवसाच्या अंतराने पुरळ आलेल्या दोघांना तो एकमेकांकडून लागलेला नसतो, बाहेरून जवळपास एकाच वेळी लागलेला असतो. तुमच्याकडे साथीच्या दोन पिढ्या आहेत आणि मध्ये बरोबर दोन आठवडे. दुसरी थेट पहिलीकडून आलीय.

या तारखा कुठून घेतल्या?

पारसिक_दिघा
केसपेपरवरून.

साथवही
मग त्या पुरळाच्या नाहीत, दवाखान्यात आल्याच्या आहेत. घरी जाऊन आईला विचारा, पण "तारीख कोणती" असं नको. कानामागे किंवा कपाळावर केसांच्या कडेला लाल ठिपके पहिल्यांदा दिसले तो बाजाराचा दिवस होता का, पाणी आलं नव्हतं तो होता का, असं विचारलं की वार सापडतो. ताप कधी आला ते वेगळ्या रकान्यात लिहा. तो पुरळाच्या २ ते ४ दिवस आधी येतो, आणि दोन तारखांची गल्लत झाली की सगळा हिशेब हलतो.

केसपेपरची तारीखही ठेवा, ती फार मोलाची आहे. २, ४ आणि ५ ला ती तिघं कुठे बसली होती हे तीच सांगते. पुरळाच्या ४ दिवस आधीपासून ४ दिवस नंतरपर्यंत मुलाकडून लागण होते आणि बंद खोलीत मूल निघून गेल्यावरही विषाणू २ तासांपर्यंत हवेत टिकतो. एकमेकांना पाहिलेलंसुद्धा नसतं. दुसऱ्या गटातल्या सहाही घरी विचारा: २ ते ५ तारखेत मूल कुठे, कशासाठी नेलं होतं?

ऐरोली_नमुना
यात एक भर. पुरळाच्या पहिल्या ३ दिवसांत घेतलेल्या रक्तात आयजीएम (ताज्या लागणीनंतर रक्तात तयार होणारी प्रतिपिंडं) निगेटिव्ह येऊ शकतं. त्यावरून मुलाचं नाव यादीतून काढू नका, पुन्हा नमुना घ्यायला सांगा. उलट एमआर (गोवर-रुबेला) लशीनंतर ७ ते १२ दिवसांत काही मुलांना सौम्य पुरळ येतं आणि तेव्हाही आयजीएम पॉझिटिव्ह येतं. म्हणून लशीची तारीख कार्ड हातात घेऊन लिहा. "सगळ्या सुया झाल्यात" हे उत्तर धरू नका. दोन डोस झालेत का तेही कार्डावरच कळतं.

पारसिक_दिघा
सहाही घरी जाऊन आलो. पुरळाच्या तारखा १ ते २ दिवस मागे सरकल्या. पाच मुलं २ किंवा ४ तारखेला, पहिली तिघं गेली होती त्याच खासगी दवाखान्यात सर्दी-खोकल्यासाठी गेली होती. सहावं ८ महिन्यांचं. ते आजारी नव्हतंच, भावाला दाखवायला नेताना आईच्या कडेवर होतं. त्याचा केसपेपरच नव्हता.

साथवही
हीच जागा नेहमी सुटते. डॉक्टरांना भेटून २, ४ आणि ५ तारखेची नोंदवही आरोग्य केंद्राच्या लोकांना दाखवायला सांगा आणि प्रत्येक नावापुढे "सोबत कोणती मुलं होती" हा रकाना घाला. यातल्या लस न झालेल्या मुलांवर २६ तारखेपर्यंत लक्ष ठेवा. संपर्क आल्यावर लस देऊन आजार टाळता येण्याचे पहिले ७२ तास त्यांच्यासाठी गेले, पण दुसऱ्या गटाकडून होणारी पुढची लागण अजून रोखता येईल, म्हणून वस्तीतले राहिलेले डोस आजच मागा. ८ महिन्यांच्या बाळाला आरोग्य केंद्रातून व्हिटॅमिन ए चे दोन डोस लागोपाठ दोन दिवस मिळतील हे पाहा. त्या वयाला प्रत्येकी १ लाख युनिट, वर्षावरच्या मुलांना २ लाख. ताप-पुरळाच्या मुलाला दवाखान्यात नेताना आधी फोन करून दाराबाहेर थांबवायचं.

पहिल्या तिघांचा उगम शोधायला त्यांच्या खऱ्या पुरळाच्या तारखेपासून ७ ते २१ दिवस मागे जा. गावाला गेले होते का, कुणी पाहुणे आले होते का? आणि यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नावांसकट टाकू नका. घरं दारं लावून घेतात, मग पुढची तारीख कुणी सांगत नाही.