होम्सच्या मूळ ६० कथा संपल्या, आता इतरांनी लिहिलेला होम्स वाचावा का?

खिडकीजवळची_सीट:
मंडळी, शाळेत असताना भालबा केळकरांच्या अनुवादातून शेरलॉक होम्सचं वेड लागलं होतं, यंदा ठरवून सगळं इंग्रजीतून वाचून काढलं, चार कादंबऱ्या आणि ५६ कथा. संपलं आणि आता काही वाचावंसंच वाटत नाहीये. शोधायला गेलो तर होम्सचा मूळ लेखक आर्थर कॉनन डॉइल सोडून बाकीच्यांनी इतका होम्स लिहून ठेवलाय की बास, होम्स आणि जॅक द रिपर, होम्स आणि ड्रॅक्युला, म्हाताऱ्या होम्सचं लग्न, काय वाट्टेल ते. एक असंच उचललं आणि अर्ध्यात सोडलं कारण त्यातला होम्स येईल त्याच्या बुटावरचा चिखल बघून त्याची कुंडली मांडत बसतो, केस जागची हलत नाही. यात खरंच वाचण्यासारखं काही आहे का? की हा सगळा नाव विकायचा धंदा आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गॅसबत्ती:
नका वाचू. डॉइल १९३० साली गेला, होम्सची शेवटची कथा त्याच्या तीन वर्षं आधीची, विषय संपला. नंतरचे सगळे दुसऱ्याच्या वरातीत नाचणारे. त्यापेक्षा मूळ कथा परत वाचा, दुसऱ्या वेळी जास्त मजा येते.

पत्र्याची_पेटी:
गॅसबत्ती, तुमचं हे मत दर धाग्यावर असतं :) पण दार डॉइलनेच उघडं ठेवलंय त्याचं काय? 'थॉर ब्रिज'ची सुरुवात आठवा. चेअरिंग क्रॉसच्या कॉक्स अँड कंपनी बँकेत वॉटसनची (होम्सचा मित्र, त्याच्या कथा सांगणारा) एक जुनी पत्र्याची पेटी आहे आणि तीत न छापलेल्या केसेसचे कागद कोंबलेत. त्यातलाच तो जेम्स फिलिमोर, छत्री घ्यायला घरात परत गेला तो पुन्हा कधी कुणाला दिसलाच नाही. दुसऱ्या एका कथेत होम्स सुमात्राच्या महाकाय उंदराचा उल्लेख करतो आणि म्हणतो जग अजून त्या गोष्टीला तयार नाही. असली आमिषं टाकून ठेवल्यावर लोक गप्प बसतील होय! आणि डॉइल स्वतः काही फार सोवळा नव्हता. विल्यम जिलेटने नाटक लिहिताना होम्सचं लग्न लावू का म्हणून तारेने विचारलं, तर याचं उत्तर, लग्न लाव, मार, काय हवं ते कर. हे १८९९ च्या नाटकाच्या वेळचं, म्हणजे डॉइल तेव्हा हयात होता.

पहिली मोठी 'घरची' नक्कल म्हणजे १९५४ चं 'द एक्सप्लॉइट्स ऑफ शेरलॉक होम्स', डॉइलचा मुलगा एड्रियन आणि रहस्यकथाकार जॉन डिक्सन कार यांनी मिळून केलेलं. १२ कथा, मूळ कथांत नुसता ओझरता उल्लेख असलेल्या केसेस घेतल्यात आणि प्रत्येकीच्या शेवटी तो मूळ उल्लेखच छापलाय. अर्ध्या कथा दोघांच्या, पुढे कार आजारी पडला आणि उरलेल्या एड्रियनने एकट्याने रेटल्या. रेटल्या हाच शब्द. प्लॉट ठीक, धुकं, बग्ग्या, पाइप सगळं जागच्या जागी, पण माल शिळा.

त्याच्या आधीचा घोळ तर याहून भारी. डॉइलच्या कागदांत 'द मॅन हू वॉज वॉन्टेड' नावाची होम्सकथा सापडली आणि १९४८ मध्ये ती डॉइलची म्हणून चक्क छापली गेली. मग आर्थर व्हिटेकर नावाचे एक निवृत्त आर्किटेक्ट पुढे आले की अहो ही तर माझी. त्यांनी कधीकाळी ती डॉइलला पाठवलेली, डॉइलने कल्पना वापरता येईल म्हणून १० गिनी देऊन घेतली आणि तशीच ठेवून दिली. घरच्यांना आणि संपादकांना फरक कळला नाही, आणि आपण इथे म्हणतो नक्कल लगेच ओळखू येते.

आता मुद्दा. तुमच्या हातात पडलं तसं पुस्तक फसतं कारण लेखक सगळी ताकद होम्सवर लावतो. होम्सची नक्कल कुणीही करेल हो, चिखल, सिगारची राख, एक तुसडं वाक्य, झाला होम्स. अवघड आहे तो वॉटसन. तो काय सांगत नाही यावर डॉइलचं सगळं चालतं. 'थ्री गॅरिडेब्ज' काढून बघा, १९२४ ची कथा. वॉटसनच्या मांडीला गोळी चाटून जाते, होम्स धावत येऊन त्याला धरतो, डोळे क्षणभर भरून येतात, ओठ थरथरतात, आणि वॉटसन लिहितो की त्या थंड मुखवट्यामागची माया कळायला ही जखम काय, अशा अनेक जखमा चालल्या असत्या. पुढच्या मिनिटाला होम्स चाकूने त्याची पँट फाडून जखम बघतो, वरवरचीच आहे म्हणतो, की परत काम सुरू. होम्स सुरू झाला १८८७ ला, म्हणजे या एका परिच्छेदासाठी डॉइलने ३७ वर्षं कळ काढली! नंतरच्या लेखकांना दर प्रकरणात होम्सला गहिवर आणायचा असतो, तिथे गाडी घसरते.

हे ज्याला कळलं त्याचं पुस्तक जमलं. अँथनी होरोविट्झचं 'द हाउस ऑफ सिल्क' (२०११, डॉइल इस्टेटची, म्हणजे त्याचे हक्क सांभाळणाऱ्या वारसांची, अधिकृत परवानगी असलेलं) त्यात येतं. मूळ कथांत बेकर स्ट्रीटची ती रस्त्यावरची पोरं होम्ससाठी शिलिंगवर पाळत ठेवतात आणि आपण हसून पुढे जातो. इथे त्यातल्याच एका पोराचा जीव जातो, आणि ही पोरं राहतात कुठे, खातात काय हे आपण कधी विचारलंच नाही हे म्हाताऱ्या वॉटसनला टोचत राहतं. डॉइलच्या जगातली एक न तपासलेली जागा धरली आणि वॉटसनकडूनच तपासून घेतली. ते वाचा.

काळा_कोट:
पेटीराव, दंडवत. गॅरिडेब्ज निघालंच आहे तर कायद्याची गंमत सांगतो. अमेरिकेत शेवटच्या दहा कथांवर (गॅरिडेब्ज त्यातलीच) बराच काळ कॉपीराइट होता आणि इस्टेट त्या जोरावर होम्सवर काहीही लिहिणाऱ्याकडे लायसन्स फी मागायची. लेस्ली क्लिंगर नावाचा वकील-संपादक कोर्टात गेला. इस्टेटचं म्हणणं काय, तर होम्स-वॉटसन ही पात्रं 'पूर्ण' झाली ती शेवटच्या कथांत, त्यामुळे अख्खी पात्रंच अजून आमची. २०१४ मध्ये जज पोस्नर यांनी ते उडवून लावलं, वर वकिलाची फीसुद्धा इस्टेटच्या बोकांडी बसवली. तरी २०२० ला 'एनोला होम्स' (होम्सच्या बहिणीवरचा सिनेमा) आला तेव्हा परत तेच, की तुमचा होम्स भावनाशील आहे आणि भावना तर शेवटच्या कथांत आल्या, म्हणजे त्या आमच्या. गहिवरावर मालकी! ते प्रकरण आपसात मिटलं. १ जानेवारी २०२३ पासून तिथेही सगळा होम्स मोकळा झालाय. भारतात १९८० संपलं तेव्हाच हक्क संपले होते (तेव्हा मुदत ५० वर्षांची होती), त्यामुळे उद्या कुणाला होम्स पुण्यात आणायचा असेल तर खुशाल आणा.

अवांतर: फ्रेंच लेखक मॉरिस लब्लाँने १९०६ साली आपल्या ल्युपँ या चोराच्या कथेत होम्सला घुसवला, डॉइलने हरकत घेतल्यावर नाव फिरवून हर्लॉक शोल्म्स करून टाकलं. इतकं सोपं होतं तेव्हा.

दुपारचा_चहा:
पुण्यात नाही पण मुंबईत येऊन गेलाय की! जामयांग नोर्बूचं 'द मंडाला ऑफ शेरलॉक होम्स' (१९९९). रायखेनबाखच्या धबधब्यात मेला असं सगळ्यांना वाटल्यानंतर होम्स दोन वर्षं सिगर्सन नावाने तिबेटात होता असं 'एम्प्टी हाउस'मध्ये एका वाक्यात उरकलंय ना, तेच हे पुस्तक. होम्स मुंबई बंदरात उतरतो, तिथून शिमला, मग तिबेट. आणि वॉटसनच्या जागी किपलिंगच्या 'किम'मधला हरी चंदर मुखर्जी, जाडजूड इंग्रजी झाडणारा बंगाली बाबू. लेखक स्वतः निर्वासित तिबेटी आहे, त्यामुळे ल्हासाचं वर्णन नुसतं सजावट वाटत नाही, चिनी अंबान (ल्हासातला चीनचा प्रतिनिधी) आणि दलाई लामांच्या दरबारातलं राजकारण त्याच्या जिव्हाळ्याचं आहे हे जाणवतं. शेवटी मंत्रतंत्र जरा जास्तच होतात, तेवढं पोटात घाला.

आणि आपल्याकडे बाबूराव अर्णाळकरांचे धनंजय-छोटू नव्याने कुणी का लिहीत नाही? मी तर पहिल्या दिवशी रांगेत उभी राहीन.

काळा_कोट:
@दुपारचा_चहा, आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो. बाबूरावांना जाऊन तेवढी झालेली नाहीत, आधी वारसांना विचारावं लागेल.

खिडकीजवळची_सीट:
कसले भारी प्रतिसाद आहेत! हाउस ऑफ सिल्क आणि मंडाला दोन्ही यादीत. निकोलस मेयरचं 'द सेव्हन-पर-सेंट सोल्यूशन' (१९७४) कुणी वाचलंय का? होम्सचं कोकेनचं व्यसन सोडवायला त्याला व्हिएन्नाला फ्रॉइडकडे नेतात म्हणे.

गॅसबत्ती:
वाचलंय. (हो, वाचलंय. नावं ठेवायला वाचावंच लागतं.) त्याआधी 'द फायनल प्रॉब्लेम' परत काढा आणि एवढंच बघा की वॉटसनने मोरियार्टीला, म्हणजे होम्सच्या कट्टर शत्रूला, नीट पाहिलंय कुठे. व्हिक्टोरिया स्टेशनवर गर्दीतून रेटत येणारा एक उंच माणूस आणि डोंगरावर लांबून दिसलेली आकृती, बास. बाकी 'गुन्हेगारीचा नेपोलियन' वगैरे सगळं होम्सच्या तोंडून. मेयरने नेमकं तेच धरलं, की मोरियार्टी बिचारा होम्सला लहानपणी गणित शिकवायला येणारा मास्तर, बाकी सगळी कोकेनची करामत. त्यातला टोबी कुत्र्याचा आणि व्हॅनिलाचा प्रकार मला आवडला होता, पण हे कुठे बोलू नका.

दुपारचा_चहा:
पण 'व्हॅली ऑफ फिअर'मध्ये इन्स्पेक्टर मॅकडोनल्ड मोरियार्टीला समोरासमोर भेटून आलाय ना? मग मेयरचं गणित कोसळतं की.

गॅसबत्ती:
भेटला, आणि केलं काय? मोरियार्टीने दिवा आणि पृथ्वीचा गोल घेऊन त्याला ग्रहण समजावून सांगितलं, वर वाचायला पुस्तक दिलं. मास्तरच निघाला की नाही?