गाडीच्या पुढच्या चाकांकडून येणारी करकर: कशी शोधता, कशी घालवता? (अनुभव धागा)

मांजराकाठ (लातूर)

गतिरोधकावरून हळू गाडी नेली की करकर, जागेवर स्टेअरिंग फिरवलं की टंग, खडबडीत रस्त्यावर खडखड. या तिन्ही आवाजांना आपल्याकडे एकच निदान मिळतं: "सस्पेन्शन गेलंय, सगळं काम करून घ्या." मग लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारा दांडा), लिंक, शॉकअप, माउंट (शॉकअपच्या वरच्या टोकाची रबरी बैठक) सगळं नवं पडतं. त्यात आवाज कधी जातो, कधी जात नाही.

ज्यांचा यात हात बसलेला आहे त्यांनी लिहा. आवाज कोणता, भाग कोणता, कशावरून ओळखला आणि बसवताना काय चुकतं, एवढं हवं. "माझी पण गाडी वाजायली" हे सध्या नको. वॅगनआर, स्विफ्ट, इंडिका अशा मॅकफर्सन स्ट्रटवाल्या (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या खांबात असलेल्या) गाड्या धरून बोलू, आपल्या भागात त्याच जास्त आहेत.

गॅरेजमामा (जालना)

सस्पेन्शनला हात लावायच्या आधी फुकटातल्या गोष्टी बघून घ्या. चाकाच्या प्लास्टिक टोप्या काढून ठेवा आणि एक चक्कर मारा. हळू वेगात चाकाच्या फेऱ्यासोबत कचकच होत असेल तर बऱ्याचदा टोपीच वाजत असते. मग चाकाचे नट. छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत बघा. पंक्चरवाल्याने एक नट सैल ठेवला तरी वळणावर चाक कुरकुरतं.

बोनेटखालचे रबरी ठोकळे, बॅटरीची पट्टी, सायलेन्सरचे रबर, नंबर प्लेट हेही हाताने हलवून बघा. चाकामागच्या प्लास्टिकच्या अस्तरावर काळ्या मातीचा चिखल वाळून दगड झालेला असतो. त्याच्या वजनाने क्लिपा सुटतात, अस्तर बॉडीला घासतं आणि तो आवाज हुबेहूब सस्पेन्शनसारखा येतो.

बोल्टनट (वाळूज)

आवाजाची जात ओळखली की अर्धं काम झालं. लांबट करकर किंवा कुर्र म्हणजे रबर, नाहीतर कोरडा बॉल जॉइंट (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळ्याचा सांधा). कोरडी खडखड म्हणजे लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला, म्हणजे गाडीचं कलणं कमी करणाऱ्या आडव्या सळईला, चाकाकडे जोडणारी छोटी दांडी). ब्रेक मारताना किंवा रिव्हर्स घेताना एकच कट म्हणजे आर्मचा बुश (आर्मच्या गाडीकडच्या सांध्यातलं रबर), क्रॉस मेंबरचा (पुढच्या भागाखालच्या आडव्या चौकटीचा) बोल्ट किंवा इंजिनाचं माउंट. पूर्ण वळवून पुढे जाताना एकसारखी कटकट म्हणजे अ‍ॅक्सलचा सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही इंजिनाची ताकद पोचवणारा सांधा). वेगासोबत वाढणारी घरघर चाकाच्या बेअरिंगची असते, नाहीतर टायर झिजलेला असतो. शेवटच्या दोघांचा या धाग्याशी संबंध नाही, तरी त्यांच्या पायी शॉकअप बदलले जातात म्हणून लिहिलं.

इंजिन बंद ठेवा. बंपर दाबू नका, तो प्लास्टिकचा असतो आणि स्वतःच वाजतो. चाकाच्या वरच्या पत्र्याच्या कडेवर दोन्ही हात ठेवून सावकाश दाबा, सावकाश सोडा. करकर सावकाश दाबल्यावर जास्त स्पष्ट येते, ढिला सांधा झटक्याने दाबल्यावर बोलतो. दुसऱ्याला चाकाशी वाकून ऐकू द्या. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका भागाला टेकवून मुठीला कान लावला की कुठला भाग बोलतोय ते कळतं. हे इंजिन चालू असताना करू नका.

काळीमाती (परभणी)

पावसाळ्यात गप्प आणि दिवाळीनंतर सुरू, असा आवाज असेल तर नव्वद टक्के रबरच. ओलाव्याने रबर घसरतं, कोरडं पडलं की धरून-सोडून सरकतं. थंडीत सकाळी ते कडक होतं तेव्हा जास्त वाजतं, गाडी थोडी चालली की कमी होतं.

म्हणून पाण्याची परीक्षा करा. फवारणीची छोटी बाटली घ्या, साधं पाणी भरा. एका वेळी एकच जागा भिजवा: आधी स्टॅबिलायझर बारचे डी-बुश (बारला गाडीशी धरणारे रबर), गाडी दाबून बघा. मग आर्मचा पुढचा बुश, मग मागचा, मग स्प्रिंगची खालची बैठक. ज्या जागेवर पाणी मारल्यावर आवाज थांबला, तोच तुमचा भाग. एकदम सगळीकडे पाइप मारला तर काहीच कळत नाही, आणि गाडी वाळेपर्यंत पुन्हा बघता येत नाही.

सरकीपेंड (सेलू)

पण मामा, गॅरेजवर डिझेल नाहीतर जळकं ऑइल मारतात, त्यानं आवाज जातोच की.

गॅरेजमामा (जालना)

जातो, आणि काही दिवसांनी दुप्पट होऊन येतो. खनिज तेलाने नैसर्गिक रबर फुगतं, मऊ पडतं, मग फाटतं. वर तेलाला धूळ चिकटते ती वेगळीच. मारायचंच असेल तर सिलिकॉन स्प्रे मारा, तोही फक्त शोधण्यापुरता. आर्मचा बुश आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेला असतो. त्यात काही घसरतच नाही, रबर पिळलं जातं. तो वाजतोय म्हणजे रबर फाटलंय किंवा नळीपासून सुटलंय. वंगणाने ते जुळत नाही.

बोल्टनट (वाळूज)

पिळण्याचा विषय निघालाच आहे तर मुख्य मुद्दा सांगतो. नवा आर्म टाकूनही करकर परत येते त्याचं मोठं कारण म्हणजे बोल्ट लटकत्या चाकावर आवळलेले असतात.

गाडी जॅकवर असताना चाक खाली लोंबतं. जमिनीवर आल्यावर आर्मचं बाहेरचं टोक आठ-दहा सेंटिमीटर वर जातं. आर्मची लांबी तीस-पस्तीस सेंटिमीटर धरली तर बुश १५ अंशांच्या आसपास फिरतो. बोल्ट आवळला की बुशची आतली नळी जागेवर पकडली जाते. लटकत्या स्थितीत आवळला तर गाडी उभी असतानाही रबर कायम तेवढं पिळलेलं राहतं, आणि प्रत्येक खड्डा त्याच्यावर आणखी. मग कुरकुर सुरू होते आणि एक-दोन हंगामांत चिरा पडतात.

बरोबर पद्धत अशी. गाडी उचलायच्या आधी सपाट जागेवर चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवा. आर्म बसवताना बोल्ट नुसते लागू करा, आवळू नका. मग आर्मच्या बॉल जॉइंटकडच्या टोकाखाली दुसरा जॅक लावून ते अंतर जुळेपर्यंत उचला. बॉडी मात्र स्टँडवरून सुटता कामा नये. त्या स्थितीत पुस्तिकेतल्या टॉर्कला आवळा. पिट किंवा रॅम्प असेल तर सोपं: गाडी चाकांवर उभी करा, चार वेळा दाबा, मग आवळा. मागचा बुश उभ्या बोल्टचा असेल तर त्याला ही अट तेवढी लागू नाही.

जुने बुश न फाटता कुरकुरत असतील तर आर्म बदलण्याआधी याच पद्धतीने बोल्ट सैल करून पुन्हा आवळून बघा. कितीतरी गाड्या तेवढ्यानेच गप्प होतात.

गोदाकाठ (नांदेड)

नुसता बुश दाबून बसवायचा की पूर्ण आर्म, यावर माझं मत वेगळं आहे. हायड्रॉलिक प्रेस आणि योग्य मापाचे गोल तुकडे असतील तरच बुश. हातोड्याने ठोकलेला बुश तिरका बसतो, बाहेरची नळी चेपते. त्यात काही बुशांना दिशा असते, रबरातली पोकळी ठरावीक बाजूलाच यावी लागते. जुना काढण्याआधी आर्मवर खूण करा. प्रेस नसेल तर बॉल जॉइंटसकट पूर्ण आर्म घ्या.

बॉल जॉइंट बघताना चाक लटकवा. आर्म आणि नकल (चाकाचं बेअरिंग धरणारा भाग) यांच्यामध्ये टॉमी (लोखंडी पहार) घालून हलकेच उचका. खालीवर खेळ (ढिलेपणा) दिसला की जॉइंट संपला. चाक वर-खाली धरून हलवल्यावर खेळ येत असेल तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर ते चाकाचं बेअरिंग आहे. डावी-उजवीकडे धरून हलवल्यावर खेळ आला तर टाय रॉड एंड किंवा रॅक एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचा बाहेरचा किंवा आतला सांधा). खेळ नाही, पण रबरी टोपी फाटलीय आणि स्टेअरिंग हळू फिरवताना कण्हल्यासारखा आवाज येतो, तर आत चिखलपाणी गेलंय. सुईने ग्रीस भरून आवाज थांबला तर निदान पक्कं झालं एवढंच समजा, जॉइंट बदलावाच लागतो. खाचेचा नट आणि स्प्लिट पिन असेल तर भोक जुळवायला नट मागे फिरवू नका, पुढेच आवळा.

पानापेटी (बीड)

जागेवर स्टेअरिंग फिरवताना टंग: स्ट्रटचं वरचं बेअरिंग. मॅकफर्सनमध्ये स्टेअरिंगसोबत स्प्रिंगही फिरते. बेअरिंग धुळीने जाम झालं की स्प्रिंग पिळत जाते आणि एकदम सुटते. इंजिन चालू ठेवून एकाने स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू फिरवावं, दुसऱ्याने बोनेट उघडून वरच्या माउंटवर बोट ठेवावं. उडी बोटाला लगेच कळते. बाही आणि बोटं पंख्याच्या पट्ट्यापासून लांब.

बेअरिंग बदलताना माउंटही बदला, स्ट्रट एकदाच उतरू द्या. बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबल्यावर आदळू नये म्हणून असलेलं रबर) आणि धुळीचं कव्हर तेव्हाच बघा. स्प्रिंग कॉम्प्रेसरने दाबल्याशिवाय मधला नट सोडू नका. दोन कॉम्प्रेसर समोरासमोर लावा, स्प्रिंग वरच्या बैठकीपासून मोकळी हलली पाहिजे, मगच नट. दोरीने बांधून नट सोडणारे लोक अजून आहेत, त्यांच्याकडे गाडी देऊ नका. बसवताना स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीतल्या पायरीला टेकलं पाहिजे. जुन्या स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा चिखल पुसून बघा. तो तिथेच तुटतो आणि वरून दिसत नाही.

काळीमाती (परभणी)

खडखडीबद्दल कुणी लिहिलं नाही. दोन्ही चाकं एकदम गतिरोधकावर चढली तर गप्प आणि एकच चाक खड्ड्यात गेलं तर खडखड: लिंक रॉड किंवा डी-बुश. दोन्ही चाकं एकदम उचलली की बार पिळला जात नाही, म्हणून. खात्रीसाठी दोन्ही लिंक काढून बार आणि त्याची टोकं कशाला लागणार नाहीत अशी बांधा आणि हळू चक्कर मारा. महामार्गावर अशी नेऊ नका, वळणावर गाडी जास्त कलते.

लिंक बसवताना दोन्ही चाकं एकाच उंचीवर हवीत, दोन्ही लटकती किंवा दोन्ही जमिनीवर. एकच बाजू उचलली तर बार ताणलेला राहतो आणि बोल्ट भोकात येत नाही. नटासोबत पिन फिरत असेल तर तिच्या टोकाला अ‍ॅलन की घालून धरा.

डी-बुश घेताना बारची जाडी व्हर्नियरने मोजा. एकाच गाडीच्या पेट्रोल-डिझेलमध्ये जाडी वेगळी असू शकते. वाळलेली माती बुश आणि बारच्या मध्ये पॉलिश पेपरसारखी चालते, त्यामुळे बारवर घळ पडलेली असेल तर नवा बुशही टिकत नाही.

सरकीपेंड (सेलू)

शेतात, पाणंदीत जॅक लावताना खाली जाड लाकडी फळी टाका. काळी माती वरून कडक दिसते, वजन आलं की जॅक तिरका होतो. फरशी टाकू नका, फुटते. आणि स्टँडशिवाय गाडीखाली डोकं घालायचं नाही.

मांजराकाठ (लातूर)

मस्त चाललंय. एक विचारतो: आर्म बदलल्यावर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) लागतंच का? गॅरेजवाले म्हणतात, "स्टेअरिंग सरळ आहे, गरज नाही."

गोदाकाठ (नांदेड)

टाय रॉड, रॅक एंड किंवा आर्म हलला की टो (वरून बघता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) बघायलाच हवा. स्टेअरिंग सरळ राहूनही दोन्ही चाकं सारखीच आत किंवा बाहेर गेलेली असू शकतात, ते टायर झिजल्यावर कळतं. स्ट्रट काढणार असाल तर नकलकडच्या दोन बोल्टांभोवती आधी खडूने खूण करा, म्हणजे कँबर (समोरून बघता चाकाचा कल) जागेवर येतो. आणि अलाइनमेंटला नेण्याआधी बुश वर सांगितल्याप्रमाणे आवळलेले हवेत. आधी अलाइनमेंट आणि मग बुशचे बोल्ट सैल केले तर ते पैसे वाया.