मदत हवी आहे : गावातील जुन्या बारवेच्या दुरुस्तीबाबत

नमस्कार. गिरणाकाठच्या आमच्या गावाबाहेर काळ्या पाषाणात बांधलेली एक पायऱ्यांची बारव आहे. गाळ काढण्याचे काम गावातील तरुणांनी श्रमदानाने पूर्ण केले असून, पुढील देखभालीसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० अन्वये न्यास नोंदवण्याचा आमचा विचार आहे. धुळे जिल्ह्यातील बलसाण्याची मंदिरे संरक्षित स्मारकांच्या यादीत आहेत, तशी ही वास्तू नाही. त्यामुळे केंद्राच्या कायद्यातील शंभर मीटरच्या प्रतिबंधित क्षेत्राचा प्रश्न येत नाही, मात्र संरक्षणही मिळत नाही. जागा सातबाऱ्यावर सरकारी आहे. अशा ठिकाणी न्यासाला काम करायचे असल्यास ग्रामपंचायतीचा ठराव पुरेसा आहे, की तहसीलदार आणि राज्य पुरातत्त्व विभाग या दोघांचीही लेखी परवानगी घ्यावी लागते?

दुसरा प्रश्न अधिक निकडीचा आहे. निखळलेले चिरे सिमेंटने बसवून वर ऑइलपेंट द्यावा, असा काही देणगीदारांचा आग्रह आहे. सिमेंटमुळे दगडातील ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि चिऱ्यांचे पापुद्रे सुटू लागतात, हे त्यांना सांगून पाहिले. पण देणगीदाराला नकार देणे म्हणजे जावयाला पंगतीतून उठवण्यासारखे! चुना मुरवून, दगडी चाकाच्या घाण्यात मळून काम करणारे गवंडी धुळे, जळगाव किंवा नंदुरबार भागात अजून आहेत का? या पद्धतीने बारव दुरुस्त केलेल्या मंडळींनी आपला अनुभव, तसेच न्यासाच्या घटनेत उद्दिष्टे कशी मांडली, हे कृपया कळवावे.