छापील कामाचा पोर्टफोलिओ प्लास्टिकच्या पाकिटांत का कोंडायचा?

कागदवाचक, सदाशिव पेठ

नवोदित डिझायनरांनी मुलाखतीत दाखवायच्या कामाच्या वहीबद्दल, म्हणजे पोर्टफोलिओबद्दल, परवा येथे आलेल्या टिपणात असा सल्ला दिला आहे की, ए-३ आकाराची रेक्झिनची तयार केस विकत आणावी, आपले सगळे छापील काम एकाच चकचकीत कागदावर डिजिटल प्रिंटने पुन्हा काढावे, पारदर्शक पाकिटांत सरकवावे आणि निश्चिंत व्हावे, कारण ‘मुलाखत घेणारा चित्र पाहतो, कागद पाहत नाही’. या शेवटच्या वाक्यामुळे मला सविस्तर उत्तर लिहावे लागत आहे.

ज्याने केवळ संकेतस्थळांचे काम केले आहे, त्याला बांधलेल्या पोर्टफोलिओची फारशी गरजच नाही. परंतु ज्याने पुस्तकांची मुखपृष्ठे, दिवाळी अंक, निमंत्रणपत्रिका किंवा औषधांची खोकी केली आहेत, त्याच्या कामात कागदाची निवड, शाईचे बसणे, घडीची जागा आणि बांधणी हे सगळे त्याने घेतलेले निर्णय असतात. एखादे मुखपृष्ठ अनकोटेड, म्हणजे वर लेप नसलेल्या, कागदासाठी, शाई शोषली जाऊन रंग थोडा दबेल हे गृहीत धरून, मुद्दाम उजळ ठेवलेले असते. तेच लेप दिलेल्या आर्ट पेपरवर पुन्हा छापले की रंग भडक दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटते की या माणसाला रंगांचा अंदाज नाही. एम्बॉसिंगचा उठाव आणि फॉइलची चमक यांचे तर पाकिटाखाली काहीच उरत नाही. १८७८ साली पुण्यात सुरू झालेल्या चित्रशाळा छापखान्याची रंगीत शिळाछाप चित्रे ज्यांनी हातात धरून पाहिली आहेत, त्यांना काचेआडून पाहणे आणि कागद उजेडात तिरपा धरून पाहणे यांतला फरक सांगावा लागणार नाही.

माझे मत असे की, ए-४ आडव्या आकाराची, कापडी पुठ्ठ्याची, स्क्रूने बांधलेली वही करावी. पाने १७० जीएसएमच्या (चौरस मीटरला १७० ग्रॅम वजनाच्या) मॅट कागदाची, पाकिटाविना असावीत. आणि मागच्या पुठ्ठ्याला आतून खिसा करून त्यात चार-पाच मूळ नमुने सुटे ठेवावेत. मुखपृष्ठ दाखवायचे तर केवळ पुढची बाजू न दाखवता कणा आणि आत दुमडलेल्या दोन्ही पाख्यांसह संपूर्ण जॅकेट उलगडून दाखवावे, कारण कण्यावरचे अक्षर कसे बसवले आहे यावरूनच अनेकांची परीक्षा होते.

निवडकर्ता, बाणेर

ते टिपण माझे आहे, म्हणून उत्तर देणे मला भाग आहे. आपण सदाशिव पेठेत बसून कागदाचे जे वर्णन केले आहे ते वाचायला सुंदर आहे. परंतु मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. जुलै महिन्यात हडपसरहून दुचाकीवरून भिजत आलेली मुलगी जेव्हा पिशवीतून वही काढते, तेव्हा पाकिटांतले काम कोरडे असते आणि उघड्या कागदाचे कोपरे फुगलेले असतात. ती वही आमच्याकडे एकच माणूस पाहत नाही. कलादिग्दर्शक पाहतो, प्रॉडक्शनवाला पाहतो, कधी चहाचा कप हातात असलेला ग्राहकही पाहतो. मॅट कागदावर गडद रंगाचे पान असेल तर पहिल्याच फेरीत बोटांचे ठसे उमटतात.

दुसरी गोष्ट क्रमाची. पॅकेजिंगच्या जागेसाठी जाताना खोकी पुढे हवीत आणि प्रकाशनसंस्थेत जाताना मुखपृष्ठे. आमच्याकडे एक अतिशय गुणी मुलगा शिवण बांधणीची, म्हणजे पाने कायमची शिवलेली, देखणी वही घेऊन आला होता. त्याचे सर्वांत चांगले काम त्या वहीनंतर झालेले होते आणि ते त्याला मोबाइलवर दाखवावे लागले. पाकिटांत हे संकट येत नाही. नवोदितांच्या खिशाचा विचार न करता दिलेला सल्ला कितीही सुसंस्कृत असला तरी तो त्यांच्या उपयोगाचा नसतो.

बांधणीवाला, नारायण पेठ

दोघांचेही वाचले. दोघांनीही अशी एक गोष्ट सोडली आहे जिच्यामुळे आमच्या दुकानात दर मे महिन्यात रडारड होते. मुले-मुली सादरीकरणाच्या आदल्या संध्याकाळी येतात, पीडीएफ आधीच छापून झालेली असते, चित्र पानाच्या कडेपर्यंत भिडवलेले असते आणि बांधणीसाठी डावीकडे जागा सोडलेलीच नसते. वायरोला, म्हणजे तारेच्या वेटोळ्यांच्या बांधणीला, भोके पाडायची तर १२ ते १५ मिलिमीटर मोकळी कड लागते. स्क्रू बांधणीला २५ लागते, शिवाय जाड कागद असेल तर तेथे क्रीज (घडीसाठी दाबलेली रेघ) मारावी लागते, नाहीतर पान उघडे राहत नाही. मग चित्राच्या मधोमध भोक पडते आणि दोष बांधणाऱ्याचा ठरतो.

पाकिटांबद्दल निवडकर्ते साहेबांना एवढेच सांगतो की, बाजारातली स्वस्त, मऊ, वास येणारी पाकिटे पीव्हीसीची असतात. ती मऊ राहावीत म्हणून त्यांत जो पदार्थ मिसळलेला असतो तो बाहेर पडत राहतो आणि डिजिटल प्रिंटचा टोनर (पूड शाई) त्याने सैल होऊन प्लास्टिकला चिकटतो. वर्षभराने पान बाहेर काढले की काळी अक्षरे पाकिटावर आलेली असतात. पाकिटेच घालायची असतील तर पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिएस्टरची घालावीत.

आणि तिसरी गोष्ट म्हणजे ग्रेन. कागदाचे तंतू कण्याला समांतर हवेत, हे डिझाइन शिकवणाऱ्या कोणत्याही शिक्षकाने आमच्याकडे आलेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला सांगितलेले मला आढळलेले नाही.

शेवटचे वर्ष, कर्वेनगर

काका, आम्हाला ग्रेन शिकवत नाहीत हे खरे आहे. परंतु दुकानात तरी कोण सांगते? गेल्या वर्षी माझ्या वर्गातल्या मैत्रिणीने शहरातल्या एका दुकानात वही दिली. ‘टिकेल’ असे सांगून त्यांनी न विचारता सर्व पानांना एका बाजूने ग्लॉस लॅमिनेशन केले. पावसाळ्यात सगळी पाने नळीसारखी वळली. पैसे परत मिळाले नाहीत आणि पुन्हा छापण्याइतके पैसे तिच्याकडे नव्हते. आदल्या संध्याकाळी येतो म्हणून आम्हाला नावे ठेवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, कामाची अंतिम मंजुरी आम्हाला आदल्या दुपारी मिळते.

निवडकर्ता, बाणेर

चर्चा भलतीकडे चालली आहे. ग्रेनची दिशा तपासून मी आजवर एकाही उमेदवाराला घेतलेले नाही आणि नाकारलेलेही नाही. ज्या मुलीकडे पुन्हा छापण्याचे पैसे नाहीत तिला तंतूंची दिशा शिकवणे हा उपदेश आहे, मदत नव्हे.

बांधणीवाला, नारायण पेठ

साहेब, आपण ग्रेन तपासत नाही, परंतु पान उलटताना ते हातात ताठ उभे राहिले की आपल्याला वही अवघड वाटते, त्याचे कारण तेच असते. यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही, केवळ आधी विचार करावा लागतो, म्हणून नीट सांगतो.

डिजिटल मशिनवर चालणारी १३ बाय १९ इंचांची शीट बहुधा लांब ग्रेनची असते, म्हणजे तंतू १९ इंचांच्या दिशेने धावतात. कागदाच्या गठ्ठ्याच्या वेष्टनावर तसे छापलेले असते, नसेल तर कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा, ज्या दिशेने तो सहज वळतो तिकडची घडी तंतूंना समांतर असते. अशा शीटवर ए-४ ची दोन आडवी पाने एकाखाली एक लावली तर त्यांची २१० मिलिमीटरची बाजू, म्हणजे कण्याची बाजू, आपोआप तंतूंना समांतर येते आणि पान अलगद खाली पडते. तीच शीट वापरून ए-४ उभी वही केली की कणा २९७ च्या बाजूला जातो, तंतू आडवे येतात आणि पान ताठ राहते. ए-३ आडव्या वहीत तर ते आणखी जाणवते, म्हणून ती मोठी केस मला कधीच पटलेली नाही. उभीच वही हवी असेल तर आखूड ग्रेनचा कागद मागून घ्यावा. परफेक्ट बाइंडिंग (पाने कण्याशी गोंदाने चिकटवलेली बांधणी) केले असेल तर हाल आणखी वाईट, कारण पावसाळ्यात कागद तंतूंच्या आडव्या दिशेने फुगतो, गोंदाची कड त्याला फुगू देत नाही आणि कण्याजवळ लाटा उठतात. १२ बाय १८ च्या शीटवर ए-३ ब्लीडसह (कापण्यासाठी कडेबाहेर वाढवलेल्या छपाईसह) जेमतेम बसतो, कापायची जागा दाखवणाऱ्या क्रॉपच्या खुणांना जागा उरत नाही, हेही लोक छापून आणल्यावरच शोधतात.

मुलीच्या मैत्रिणीचे जे झाले ते चुकीचेच झाले. एका बाजूने लॅमिनेशन केले की उघडी बाजू ओल घेते, बंद बाजू घेत नाही, आणि कागद वळतो. न विचारता असे करणाऱ्याने पैसे परत द्यायला हवे होते.

कागदवाचक, सदाशिव पेठ

ग्रेनबद्दल बांधणीवाल्यांशी मी पूर्ण सहमत आहे. हातकागदाचा विचार करणाऱ्यांसाठी एक भर घालतो: शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत (ती १९४० सालची आहे) मिळतो तशा हाताने उचललेल्या कागदात तंतूंना ठळक दिशा नसते, त्यामुळे अस्तरासाठी आणि पहिल्या कोऱ्या पानासाठी तो निर्धास्त वापरता येतो. त्यावर टोनर मात्र नीट बसेलच असे नाही, म्हणून कामाची पाने त्यावर छापू नयेत.

परंतु बोटांच्या ठशांचा धाक दाखवून दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन करण्याचा सल्ला आता कोणी देईल, त्याला माझा आधीच विरोध आहे. लॅमिनेशन हेही चिकटवलेले प्लास्टिकच आहे. ते पाकिटासारखे काढताही येत नाही.

प्रकाशचित्रकार, कोथरूड

पाकीट की उघडे पान हा वाद आमच्या क्षेत्रात जुना आहे. मी स्क्रूही वापरत नाही आणि पाकिटेही नाही. शिंपल्यासारख्या उघडणाऱ्या क्लॅमशेल पेटीत सुटे प्रिंट ठेवतो, क्रम हवा तसा बदलतो आणि समोरच्याला हातात देतो. इंकजेटचे प्रिंट किमान २४ तास उघड्यावर सुकल्याशिवाय पाकिटात किंवा पेटीत घालू नयेत, नाहीतर आतल्या वाफेने प्लास्टिकवर धुके जमते. पाकिटे आणि पेटीचा पुठ्ठा घेताना आयएसओ १८९१६ या आंतरराष्ट्रीय मानकाची चाचणी उत्तीर्ण झाल्याचा उल्लेख पाहावा. फोटोला इजा करणारे साहित्य त्या चाचणीत उघडे पडते.

माझी खरी तक्रार उजेडाबद्दल आहे. आपण सगळे कागदावर भांडतो आणि काम दाखवतो पिवळट दिव्याखाली. छापील रंग तपासण्यासाठी ५००० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) उजेड ठरलेला आहे, आयएसओ ३६६४ हे मानक त्यासाठीच आहे. पाकिटावर छतावरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडले की पाहणाऱ्याला पान सतत तिरके करावे लागते आणि त्याचे लक्ष कामावरून उडते. निवडकर्ते, आपल्या बैठकीच्या खोलीत कोणता दिवा आहे?

निवडकर्ता, बाणेर

खोलीत जो दिवा आहे तो आहे. उमेदवाराला तो बदलता येत नाही. सुट्या प्रिंटची पेटी अनुभवी छायाचित्रकाराला शोभते. आमच्याकडे तिघे जण एकाच वेळी प्रिंट उचलतात, क्रम विस्कटतो आणि उमेदवार सांगत असलेली गोष्ट तुटते. बांधलेल्या वहीत ती तुटत नाही.

जुना नोकरदार, हडपसर

कागद, दिवा आणि गोंद यांवर एवढे लिहिले गेले, परंतु त्या पानावर काम कोणाचे आहे हे कोणी लिहीत नाही. चार जणांनी केलेले खोके चौघांच्याही वह्यांत स्वतःचे म्हणून असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर नोकरीत केलेल्या कामाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. मात्र कलम ५७ प्रमाणे आपण ते केले असे सांगण्याचा अधिकार करणाऱ्याकडे राहतो. म्हणून प्रत्येक पानाखाली आपला वाटा एका ओळीत लिहावा, आणि अजून बाजारात न आलेले काम वहीत अजिबात ठेवू नये. माझे काम दुसऱ्याच्या वहीत मी मुलाखत घेताना पाहिले आहे. तेव्हा जो संताप आला तो आजही शांत झालेला नाही.

निवडकर्ता, बाणेर

ही ओळ लिहिणारा उमेदवार आला तर मी त्याला अधिक गंभीरपणे घेतो, एवढे येथे नोंदवतो.

शेवटचे वर्ष, कर्वेनगर

मला पुढच्या महिन्यात खराडीत मुलाखत आहे. सर्वांचे वाचून असे ठरवते आहे: ए-४ आडवी वही, स्क्रू बांधणी, लांब ग्रेनची शीट, पाने उघडी, ओल्या दिवशी नेण्यासाठी बाहेरून एकच घट्ट जलरोधक पिशवी, आणि मागच्या खिशात तीन मूळ नमुने. पानांना पाकिटे नाहीत. निवडकर्ते सर, यामुळे आपल्यासारखे कोणी मला नाकारेल का?

निवडकर्ता, बाणेर

नाकारणार नाही. पिशवीचा उपाय मला सुचायला हवा होता असे कागदवाचकांना वाटत असेल, तर वाटू द्यावे. स्क्रूमुळे पाने बदलता येतात, तेव्हा क्रमाबद्दलची माझी हरकत येथे लागू होत नाही, हे मान्य करावे लागते. मात्र गडद पानांबद्दल मी मागे हटत नाही: संपूर्ण काळी पार्श्वभूमी असलेली पाने तरी पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घाला.

कागदवाचक, सदाशिव पेठ

गडद पाने पाकिटात आणि बाकीची उघडी, अशी सरमिसळ केली की पाहणाऱ्याच्या हाताला प्रत्येक वेळी धक्का बसेल. त्यापेक्षा काळी पार्श्वभूमीच काढून टाका. मूळ काम पांढऱ्या पानावर चारही बाजूंनी मोकळी जागा सोडून ठेवा, म्हणजे बोटे कडेला लागतील, कामाला लागणार नाहीत. यावर आपले एकमत होणार नाही, हे मला ठाऊक आहे.

बांधणीवाला, नारायण पेठ

ताई, छापायला टाकण्याआधी त्याच कागदाची कोरी पाने घेऊन या. मी भोके पाडून, क्रीज मारून डमी बांधून देतो. ती उघडून-मिटून पाहा, डावीकडे २५ मिलिमीटर पुरतात का ते मोजा, खिशात नमुने घातल्यावर पुठ्ठा फुगतो का ते पाहा, त्याप्रमाणे स्क्रूची लांबी ठरवू आणि मगच पीडीएफ पाठवा. चार दिवस हातात ठेवून या, संध्याकाळी सातनंतर दुकानात गर्दी नसते.